चांगुणाबाईच्या हातचं पाणी

शाळेच्या कागदोपत्री चांगुणाबाईची नेमणूक ‘पाणीवाली’ अशी होती. भोकरदनच्या एका खासगी संस्थेच्या हायस्कुलात ती नऊ वर्षं कामाला होती. तेवढ्या काळात तिने वर्ग झाडले, शाईच्या दौती धुतल्या, संडास साफ केले, पंधरा ऑगस्टला दोऱ्याला पताका चिकटवल्या. पाणी मात्र तिने फार थोड्यांना पाजलं. बौद्ध वस्तीतली पोरं तिच्याकडे यायची, मुसलमानांच्या मोहल्ल्यातली यायची. बाकीच्यांना भुजंग शिपाई पाणी द्यायचा. त्याची तांब्याची घागर हेडमास्तरांच्या खोलीबाहेर तिवईवर असायची, आणि चांगुणाबाईचा माठ जिन्याखाली, झाडूच्या शेजारी. असं कुणी ठरवलेलं नाही, असं सगळे म्हणत. न ठरवता नऊ वर्षं बिनचूक चालणारी ही एकच गोष्ट त्या शाळेत होती.

तिला नेमलं होतं ते दाखवायला. समाजकल्याण खात्याचे साहेब तपासणीला आले की तिला धुवट लुगडं नेसून तिवईजवळ उभं करायचे. साहेब तिच्या हातून घोटभर पाणी प्यायचे, मान डोलवायचे, छानसा शेरा लिहायचे. जीप वळणाआड गेली की भुजंग ती घागर चिंच लावून घासायला बसायचा. तो काही वाईट माणूस नव्हता. चांगुणाबाई तिथेच उभी असली तर जरा पाठ फिरवून घासायचा, एवढी लाज त्याला होती. तिला राग यायचा. गिळायची. पगार दर महिन्याला हातात पडत होता आणि घरी बेबीनंदा होती.

चांगुणाबाईचं माहेर धावड्याचं. लग्न होऊन आली त्याच साली सासऱ्याने धम्मदीक्षा घेतली, देव्हारा रिकामा केला आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावाने वर्षभर त्यांना कामावर बोलावलं नाही. नवरा तातेराव तेव्हापासून जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांवर हमाली करायचा आणि सवड मिळेल तसा भोकरदनला यायचा. दोन लेकरं लहानपणीच गेली. राहिली ती बेबीनंदा. काटकुळी, हट्टी, आणि गणितात तल्लख. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये ती मॅट्रिकला बसली, तेव्हा वस्तीतली मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी होती. मॅट्रिक झाली की तिला मास्तरणीच्या कोर्सला जायचं होतं. ह्या एका परीक्षेवर मायलेकींनी सगळं लावलं होतं.

त्या वर्षीचा दुष्काळ आठवणाऱ्यांना सांगायला नको आणि न आठवणाऱ्यांना सांगून पटायचं नाही. मार्चातच विहिरींचे तळ दिसत होते. शाळेत सरकारी टँकरचं पाणी येई, तेही मोजकं. त्यात ह्या केंद्रावर आदल्या वर्षी इतकी उघड कॉपी झाली होती, की खिडकीतून पुस्तकं आत टाकणाऱ्यांची रांग लागली होती म्हणे. म्हणून ह्या खेपेला बोर्डाने केंद्रप्रमुख म्हणून बाहेरचा माणूस पाठवला. गंगाखेडकर त्यांचं नाव. वाळलेला, सोडावॉटरच्या बाटलीच्या काचेसारखा जाड चष्मा लावणारा, नियमापलीकडे एक शब्द न बोलणारा गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की शाळेचा एकही मास्तर, एकही शिपाई हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. पाणी कोण देतं, असं विचारलं आणि शाळेचे कागद उघडले. कागदात चांगुणाबाई.

“मग ह्याच आत येतील. दुसरं कुणी नाही.”

हेडमास्तर काय बोलणार? आमची पोरं हिच्या हातचं पीत नाहीत, हे बोर्डाच्या माणसासमोर तोंडाने म्हणायची सोय नव्हती. तेव्हा मराठीच्या पेपराला चांगुणाबाई कळशी आणि पितळी ग्लास घेऊन हॉलभर फिरली. उन्हाने पत्रा तडतडत होता, तरी चार-सहा पोरांशिवाय कुणी हात वर केला नाही. बाकीची वाळल्या ओठांवरून जीभ फिरवत लिहीत राहिली. गंगाखेडकरांना वाटलं, सोशिक मुलं आहेत इकडची. मोहल्ल्यातल्या एका पोराने उरलेलं अर्धं पाणी खिडकीबाहेर टाकलं, ते मात्र त्यांना खपलं नाही. त्यांनी तिथेच सगळ्यांना बजावलं, की टँकरचं पाणी आहे, जो मागेल त्याने ग्लास पुरा संपवायचा. कुणाला कल्पना नव्हती की ह्या एका वाक्याने पुढे काय काय होणार आहे.

बीजगणिताच्या आदल्या दिवशी दुपारी चांगुणाबाईला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. हेडमास्तरांचं नाव धर्मराज. आता आईबापांनी ठेवलं, त्याला तो बिचारा काय करणार? शेजारी खुर्चीत संस्थेचे सेक्रेटरी कारभारीअण्णा बसले होते. शंभर एकरांचे धनी, पंचायत समितीत वजन, आणि घरी मॅट्रिकला दोनदा आपटलेला शिवाजी नावाचा मुलगा. शिवाजी आणि त्याचे चार सोबती ह्या खेपेला काहीही करून पास व्हायला हवे होते. अण्णा फारसे बोलले नाहीत. पानाची चंची सोडून बसले. धर्मराज मास्तरांनीच सगळं समजावलं. पेपर सुरू झाला की एक प्रत इथे येईल, ती सोडवून चिठ्ठ्या ह्याच खोलीत तयार होतील. मेणकापडात गुंडाळून ग्लासच्या बुडाला मेणाने चिकटवल्या जातील. शिवाजीने किंवा त्याच्या सोबत्यांनी पाणी मागितलं की तिने इथे येऊन ग्लास घ्यायचा, भरायचा आणि नेऊन द्यायचा. साहेब बाईमाणसाची झडती घेणार नाही, आणि दुसरं कुणी तिला हात लावणार नाही. हे शेवटचं मास्तर सहज बोलून गेले, जणू ती तिची एखादी लायकीच होती.

चांगुणाबाईने हात जोडले. म्हणाली, दुसरं काही बी सांगा, हे सांगू नका.

“तुझी पोरगी खिडकीजवळच्या बाकावर बसते ना?” मास्तर म्हणाले. “चिठ्ठी तिच्या बाकाखाली पण सापडू शकते. तीन वर्सं परीक्षेला बंदी. इचार करून सांग.”

कारभारीअण्णांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, तिला पण देऊ की एक चिठ्ठी, पोरगी आपल्याच शाळेची आहे. हे ते खरोखर मेहेरबानीच्या सुरात म्हणाले. ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. खोलीबाहेर येऊन जिन्याखाली माठाला टेकून बसली. तीन वर्षं बंदी म्हणजे बेबीनंदाचं लग्न, आणि मग सगळं संपलं. एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होऊन थोडा वेळ गेला आणि शिवाजीने हात वर केला.

“पाणी.”

हॉलमधली पाच-पन्नास डोकी वर झाली. चांगुणाबाई खोलीत गेली. धर्मराज मास्तरांनी ग्लास तिच्या हातात ठेवला, तिच्या बोटांना बोट लागणार नाही अशा बेताने. तिने तो भरला आणि हॉलभर चालत नेला. शिवाजीने ग्लास बुडाशी धरला, चिठ्ठी बोटांत सरकवली आणि ग्लास परत पुढे केला.

“संपवा,” मागून गंगाखेडकर म्हणाले. “सांगितलंय ना काल.”

पोराचा चेहरा काळवंडला. त्याने डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसं ते पाणी एका दमात घशाखाली ढकललं. त्याच्या मागोमाग त्याचे चार सोबतीही प्याले. नऊ वर्षं ह्या पोरांच्या डोळ्यांदेखत ती शाळेत वावरली होती. पाचवीत असताना त्यातला एक जण चुकून तिच्या माठाकडे धावला होता, तर त्याला बखोट धरून ओढून नेलं होतं. आज सगळे तिच्या हातून पीत होते. तिला आनंद व्हायला हवा होता म्हणा. झाला नाही. खिडकीजवळून जाताना तिने बेबीनंदाकडे बघायचं टाळलं, पण पोरीची लेखणी थांबली आहे हे तिला न बघताच कळलं.

घरी गेल्यावर बेबीनंदाने दप्तर ठेवलं, चुलीपाशी बसली आणि सरळ विचारलं. शिवाजी तुझ्या हातचं कसं काय पेला, माय? चांगुणाबाईने आधी उडवून लावलं. तहान लागल्यावर माणूस काय बघतो, म्हणाली. पोरगी हसली सुद्धा नाही. मग चांगुणाबाईने सगळं सांगून टाकलं, मास्तरांच्या धमकीसकट. सांगताना रडली. आपल्यासाठीच केलं हे पोरीला कळेल, पोरगी गळ्यात पडेल, अशी कुठेतरी आशा होती तिला.

बेबीनंदा गळ्यात पडली नाही.

“मी पास झाले तर सारे हेच म्हणतेन, की मायनं पाण्यातून पास केली. तू उद्या चिठ्ठ्या घेऊन आत आलीस ना, तर मी कोरा पेपर ठेवून उठून जाईन. बराबर सांगून राह्यले.”

“अगं, न्हाई नेल्या तर तुझ्या बाकाखाली…”

“निघू दे.”

त्या रात्री मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चांगुणाबाईला पोरीचा संताप आला होता. हिला काय कळतंय जगातलं, असं ती स्वतःशी म्हणत राहिली. पण तिला एक पक्कं ठाऊक होतं, की ही पोरगी बोलते तसं करते. लहानपणी दोन दिवस उपाशी राहिली होती, एका थपडीवरून. म्हणजे चिठ्ठ्या नेल्या तरी परीक्षा गेली, आणि नाही नेल्या तरी गेली. दोन्हीकडून फास, आणि दोर ओढणारे खुर्चीत बसून पान खाणारे.

सकाळी भूमितीचा पेपर. बेबीनंदाने बाकावर बसण्याआधी खालून हात फिरवून बघितला. काही नव्हतं. घंटा झाली. थोड्या वेळाने शिवाजीचा हात वर.

चांगुणाबाई खोलीत गेली, ग्लास घेतला. हेडमास्तरांची खोली आणि हॉल ह्यांच्या मधे जिना होता. जिन्याखाली, झाडूच्या त्या कोपऱ्यात ती क्षणभर थांबली. नखाने मेण खरवडलं, मेणकापडाची गुंडाळी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग ग्लास काठोकाठ भरला आणि आत नेला.

शिवाजीने ग्लासचं बूड चाचपलं. पुन्हा चाचपलं. तिच्याकडे बघितलं. साहेब दोन बाकं सोडून उभे होते. प्यावं लागलं. दुसऱ्याने हात वर केला, त्यालाही नुसतं पाणी. तिसऱ्याला पाणी. त्यांना वाटलं असेल, चिठ्ठी पुढच्या ग्लासला येईल. पुन्हा हात वर, पुन्हा ग्लास, पुन्हा बूड कोरडं आणि साहेबांचा चष्मा समोर. ती पाच पोरं चांगुणाबाईच्या हातून पाणी पीत राहिली. पाजताना त्या भीतीतही तिला एकदा हसू फुटायला आलं. ते तिने दाबलं. पदराची गाठ फुगत चालली होती.

अखेर शिवाजीला बाहेर जावंच लागलं. एवढं पाणी पोटात गेल्यावर कोण थांबेल? साहेबांनी पर्यवेक्षकाला सोबत दिलं, पण मुतारीच्या वाटेवर थांबलेल्या वडलांना खूण करायला किती वेळ लागतो. तो परत येऊन बसतो न बसतो तोच धर्मराज मास्तर हॉलच्या दारात उभे. आत यायची बंदी असतानाही आले. साहेबांना म्हणाले की गंभीर तक्रार आहे, पाणीवाली आपल्याच पोरीला चिठ्ठ्या पुरवते, खिडकीजवळचा बाक बघा. आणि साहेबांच्या आधी स्वतःच पुढे होऊन त्यांनी बाकाखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात चिठ्ठी होती.

बेबीनंदा किंचाळली नाही. म्हणाली, “सर, मी सकाळी हात फिरवून बघितला होता. काही नव्हतं.” पण चिठ्ठी तर समोर होती. साहेबांनी तिचा पेपर काढून घेतला आणि मायलेकींना खोलीत चला म्हणाले.

खोलीत कारभारीअण्णा आधीच येऊन बसले होते. गंगाखेडकरांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सांगितलं की जबाब पुरा झाल्याशिवाय मुलगी हॉलमध्ये जाणार नाही. भिंतीपलीकडे पेपर चालूच होता. त्या शांततेतून पानं उलटल्याचा आवाज येत होता, आणि दर पान उलटताना बेबीनंदाची मान तिकडे वळत होती.

चांगुणाबाईने पदराची गाठ सोडली. मेणकापडाच्या गुंडाळ्या टेबलावर पडल्या.

“ह्या आजच्या, साहेब. मी दिल्या न्हाईत. कालच्या दिल्या. सेक्रेटरीसाहेबांच्या शिवाजीला आन् त्याच्या चार दोस्तांला. ह्याच खोलीत मास्तर गिलासाला चिकटवून देत होते. पोरीच्या बाकाखालची मास्तरनं मुठीत आणली.”

साहेबांनी एक गुंडाळी उलगडली, बाकाखालची चिठ्ठी शेजारी ठेवली. तेच कापड, तेच मेण. धर्मराज मास्तर घाम पुसू लागले. कारभारीअण्णा मात्र हसले. त्यांना अगदी सोपं उत्तर सापडलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेलं.

“साहेब, बाई साफ खोटं बोलून राह्यली. आमची पोरं हिच्या हातचं पाणीच पीत न्हाईत. साऱ्या भोकरदनला इचारा. मंग गिलासातून चिठ्ठी घेतीलच कशी?”

गंगाखेडकरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. दोन दिवस मी स्वतः त्यांना पिताना पाहिलंय, असं म्हणाले. पण तुमचं म्हणणं तसंच असेल तर लिहून घेतो. बाई बौद्ध असल्यामुळे मुलं तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, असं तुम्ही संस्थेचे सेक्रेटरी म्हणून सांगता. मात्र मग हे कॉपीचं प्रकरण राहत नाही, अस्पृश्यतेच्या कायद्याचं होतं, आणि आधी फौजदारांना बोलवावं लागतं. ते हे सगळं अगदी कोरड्या आवाजात म्हणाले. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं.

अण्णांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर भुजंग उभा होता आणि त्याच्यामागे दोन-चार गावकरी जमले होते. पोरं प्याली नाहीत म्हणावं तर फौजदार. प्याली म्हणावं तर ती बातमी संध्याकाळच्या आत घरोघर. असा पेच त्यांच्यावर आयुष्यात कधी आला नसावा. अखेर ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“लिहून घ्या. पोरांनी कॉपी केली. चिठ्ठ्या घेतल्या. मास्तरांनी दिल्या, समदं कबूल. पाणी पेले तेवढं मात्र लिहू नका.”

आता ह्याला काय म्हणावं? चोरी चव्हाट्यावर मांडायला त्या माणसाला काही वाटलं नाही. मुलाची परीक्षा गेली, शाळेची अब्रू गेली, हेडमास्तर हकनाक नव्हे पण गेलाच, सगळं त्याने एका श्वासात देऊन टाकलं. एक ग्लास पाणी मात्र त्याला गिळवत नव्हतं.

साहेबांची काही हरकत नव्हती. त्यांचं काम कॉपीचं, आणि कॉपी कबूल झाली होती. त्यांनी भराभरा लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. सदर महिलेने चिठ्ठ्या पुरवल्या, सदर विद्यार्थ्यांनी त्या घेतल्या, खिडकीजवळच्या विद्यार्थिनीचा काही संबंध नाही. शाईचा पॅड चांगुणाबाईपुढे सरकवला. अंगठा द्या, मुलगी लगेच आत जाईल.

तिने अंगठा शाईवर टेकवला. उचलला. आणि थांबली.

“पाण्याचं न्हाई आलं ह्याच्यात.”

“त्याची गरज नाही, बाई.”

“मला हाय.”

कारभारीअण्णा खुर्चीतून उठले. चांगुणाबाईशी ते नऊ वर्षांत पहिल्यांदाच मऊ बोलले. नोकरीला धक्का लागणार नाही, शब्द देतो, जल्दी अंगठा दे, पोरीचा पेपर चाललाय, म्हणाले. खरंच चालला होता. पलीकडे पर्यवेक्षकाने अर्धा तास राहिल्याचं पुकारलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. अंगठा कागदावर ठेवला की पोरगी आत. एवढंच करायचं होतं. आपण हे काय करून बसलोय, ह्या हट्टापायी लेकीचं वर्ष घालवणार का, असं तिच्या मनात आलं आणि तिने बेबीनंदाकडे बघितलं. कालपासून दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

बेबीनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. “आधी लिहू दे, माय,” ती म्हणाली. “मी थांबते.”

चांगुणाबाई साहेबांकडे वळली.

“चोरी केली ती लिवली, साहेब. ती म्या केलीच. पण पाणी बी म्याच पाजलं, आन् ते पेले. दोन्ही ह्याच हातानं झालं. एक लिवता आन् एक सोडता, असं कसं?”

गंगाखेडकरांनी पेन उचललं आणि लिहिलेल्या मजकुराखाली एक ओळ वाढवली. सदर विद्यार्थी दोन्ही दिवस सदर महिलेच्या हातून पाणी प्याले, हे मी समक्ष पाहिले आहे. त्यांनी ती वाचून दाखवली. कारभारीअण्णा ती ऐकायला थांबले नाहीत. चांगुणाबाईने अंगठा दाबला, आणि तो उठायच्या आत बेबीनंदा धावत हॉलमध्ये गेली होती.

बेबीनंदा भूमितीत काठावर पास झाली. जो विषय तिचा हातखंडा, त्यातच. पण पास झाली. अहवाल गेला तसे शिवाजी आणि त्याचे सोबती बाद झाले, त्यांच्यावर बंदी आली. धर्मराज मास्तरांना संस्थेने रजेवर पाठवलं आणि दिवाळीनंतर हार घालून परत घेतलं. चांगुणाबाईला काढून टाकलं, ते कायमचं. चिठ्ठ्या नेल्या हे तिने कबूलच केलं होतं, आणि शिक्षेबद्दल तिची तक्रार नव्हती. एकटीलाच झाली, ह्याबद्दल होती. तातेराव जालन्याहून आला, सगळं ऐकलं, आणि पोरीला कोर्ससाठी नवी पेटी आणायला बाजारात घेऊन गेला. चांगुणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात शिवाजीला स्थळ आलं. सिल्लोडकडचं घराणं, तोलामोलाचं. पाहुण्यांना कॉपीचं प्रकरण माहीत होतं. त्यावर अण्णांसमोर बसून ते हसले सुद्धा, पोरवयात व्हायचंच म्हणून. पण त्यांच्यातला एक म्हातारा उठून, भुजंगाला वाट विचारत, भर उन्हात खडीच्या कामावर आला. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत चांगुणाबाईपासून चार हात लांब उभा राहिला. आजूबाजूच्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून हलक्या आवाजात त्याने विचारलं की बाई, खरं सांग, आमची लेक द्यायची आहे, पोरगा खरंच तुझ्या हातचं पेल्ता का?

चांगुणाबाईने हातोडा खाली ठेवला. म्हाताऱ्याचा चेहरा खरोखर काळजीने ओढला होता. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला.

“पेल्ता,” ती म्हणाली. “दोन्ही दिवस. खोटं वाटत असंल तर बोर्डात जाऊन बघा. साहेबानं लिवलंय, आन् खाली माझा अंगठा हाय.”